मुंबईच्या चाळींतील हवा : प्लेगपासून रेडॉनपर्यंत

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. उंदरांवरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो ही गोष्ट त्या काळी सर्वमान्य झालेली नव्हती. दोष कोंदट हवेवर ठेवण्यात आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या कार्यामागे हीच धारणा होती. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुढे ६३½ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. या नियमानुसार इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा खिडकीसमोर मोकळी असावी लागे. गिरगावात जेमतेम एक माणूस जाईल अशा घरगल्लीकडे उघडणाऱ्या खोल्या या कसोटीस उतरणे अशक्यच होते. कारणमीमांसा चुकीची होती. तथापि उपाय निरर्थक नव्हता.

याचे एक कारण त्या काळी कोणासही ठाऊक नव्हते. जमिनीतील युरेनियमच्या विघटनसाखळीतून रेडॉन हा रंगहीन, गंधहीन वायू निर्माण होतो. तो फरशीच्या भेगांतून घरात शिरतो आणि हवा खेळती नसल्यास साचतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा क्रम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी प्रतिघनमीटर १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचविली. मुंबईखालील बेसाल्ट खडकात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरेच कमी असते, ही या शहराची जमेची बाजू होय. परंतु खडकावरून खोलीचे अनुमान पुरेसे ठरत नाही. लालबाग-परळमधील एकाच चाळीत वरच्या मजल्यावरील, गॅलरीकडे उघडणारी खोली आणि तळमजल्यावरील खिडकी बुजवलेली खोली यांची हवा सारखी असू शकत नाही.

मोजणीचे साधन दूरचे नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातील घरांच्या सर्वेक्षणासाठी सेल्युलोज नायट्रेटची लहानशी फिल्म वापरली. ती सुमारे तीन महिने खोलीत टांगून ठेवतात. अल्फा कणांचे तीवर उमटलेले ओरखडे सोडियम हायड्रॉक्साइडच्या उष्ण द्रावणात स्पष्ट करून मोजले जातात. बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत असताना चर्चा क्षेत्रफळाचीच अधिक होते. वस्तुतः अशी मोजणी प्रथम व्हावयास हवी ती उरलेल्या चाळींच्या तळमजल्यांवर. उपाय खर्चिक असतातच असे नाही : भेगा सिमेंटने बुजविणे, समोरासमोरचे झरोके उघडणे. मात्र हवा केवळ बाहेर फेकणारा पंखा बसविल्यास खोलीतील दाब घटून जमिनीतील वायू अधिक ओढला जाऊ शकतो. म्हणून बाहेरची हवा आत येण्यास वाट ठेवावी लागते.