कमी खर्चात जुना ट्रॅक्टर घरी कसा रंगवायचा? कॉम्प्रेसर नसला तरी चालेल!

आमच्या घरचा महिंद्रा बी-२७५ वयाने माझ्यापेक्षा मोठा आहे. नंबर प्लेटवर एमएच १७, म्हणजे श्रीरामपूर आरटीओ. या मॉडेलचं मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टर या परदेशी कंपनीत आहे. तिच्यासोबत १९६३ साली भारतात इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली, आणि तिथून हा लाल ट्रॅक्टर गावोगावी पोहोचला. आमच्या ट्रॅक्टरचा मात्र लाल रंग उडून विटकरी झाला होता, मडगार्डच्या कडा गंजाने पातळ झाल्या होत्या आणि पाय ठेवायच्या पत्र्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

श्रीरामपुरात चौकशी केली तर पूर्ण रंगकामाचा भाव १८ ते २५ हजार निघाला. दादा (आमचे वडील) म्हणाले, "एवढ्या पैशात दोन टायर येतील." मुद्दा बरोबर होता. मग मी सुट्टीत स्वतःच रंगवायचं ठरवलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, हातात ग्राइंडर धरायची सवय नव्हती. पहिला प्रयत्न साफ फसला, दुसरा जमला. एकूण खर्च ४,८४० रुपये. या लेखात काय केलं, का केलं आणि कुठे चुकलो हे सगळं क्रमाने सांगतो.

आधी हे समजून घ्या: रंग नेमकं काय करतो?

लोखंडाला गंज लागायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. रंग या दोघांना पत्र्यापासून लांब ठेवतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंगाखाली थोडा जरी गंज राहिला तरी तो फुगतो आणि वरचा रंग उचलून टाकतो. गंजावर मारलेला महागडा रंग वर्षभरात पापुद्र्यासारखा निघतो तो यामुळेच.

म्हणून बजेट कमी असेल तर पैसे आणि वेळ या क्रमाने खर्च करा: साफसफाई, प्रायमर, आणि शेवटी वरचा रंग. स्प्रे गन या यादीत नाही, आणि ते मुद्दामच.

कोणता रंग निवडायचा?

दुकानात साधारण तीन प्रकार मिळतात.

१. सिंथेटिक इनॅमल: आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो तो. हा हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो. स्वस्त, ब्रशने आणि रोलरने लागतो, हळू वाळतो.

२. एनसी पेंट: थिनर उडालं की वाळतो. वाळतो लवकर, पण त्याला स्प्रे गनच हवी.

३. पीयू पेंट: रंग आणि हार्डनर असे दोन डबे. चमक आणि टिकाऊपणा सगळ्यात चांगला. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना ते श्वासात गेलं तर कायमचा दमा होऊ शकतो. कापडी मास्क किंवा रुमाल त्यापुढे काहीच कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पीयू स्प्रे करायच्या भानगडीत पडू नका.

मी इनॅमल घेतला. दहा वर्षं शोरूमसारखी चमक राहणार नाही, पण खरचटलं तर त्याच डब्यातून ब्रशने परत लावता येतो. शेतातल्या वाहनाला हा मोठा फायदा आहे.

जुन्या रंगाची टेस्ट

कोड थेट लाइव्ह करत नाहीत, आधी टेस्ट करतात. इथेही तेच. बॉनेटच्या आतल्या बाजूला कापडाने थोडं एनसी थिनर लावून अर्धा मिनिट चोळा. जुना रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर त्यावर एनसी किंवा पीयू मारू नका. त्यातलं तेज थिनर खालचा रंग उचलतं आणि पूर्ण पत्र्यावर सुरकुत्या येतात. टर्पेंटाइनवर चालणारा इनॅमल मात्र नीट वाळलेल्या, घासलेल्या जुन्या रंगावर बसतो.

दुसरी टेस्ट: जुन्या रंगावर ब्लेडने चौकटी पाडा, त्यावर टेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपसोबत आले तर तिथला रंग मुळापर्यंत काढायचा. नाही आले तर नुसता घासून घेतला तरी पुरे.

गंज काढणे

बॅटरीची वायर काढा, डिझेलच्या टाकीजवळ ग्राइंडरच्या ठिणग्या उडू देऊ नका. मोठ्या भागांना ग्राइंडरवर तारेचा कप ब्रश लावला. गॉगल हवाच, कारण या ब्रशच्या तारा सुटून उडतात. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर १८० चा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाची ९० पीपीएम मर्यादा २०१७ पासून लागू झाली, आणि तो नियम वाहनांच्या रंगांसाठी नाहीच. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, चोथा गोळा करा, लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा.

ब्रॅकेट, टूलबॉक्स, पिना अशा छोट्या वस्तूंसाठी एक स्वस्त पद्धत आहे: इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी घ्या, दर ४ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका. गंजलेली वस्तू १२ व्होल्ट बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला आणि जुनी लोखंडी सळई पॉझिटिव्हला जोडा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. रात्रभरात गंज सुटा होतो आणि ब्रशने निघतो. चार खबरदाऱ्या पाळा:

– सळईच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.
– यातून हायड्रोजन निघतो. काम उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको.
– ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा असलेले भाग, स्प्रिंग आणि जास्त ताण घेणारे बोल्ट यात टाकू नका.
– वायर हलवायच्या आधी चार्जर बंद करा.

नवीन स्मार्ट चार्जर समोर बॅटरी नसेल तर सुरूच होत नाहीत. साधा जुना चार्जर शोधा.

धुण्याचं पाणी सुद्धा महत्त्वाचं

हा मुद्दा आपल्या भागासाठी खास. प्रवरेच्या कालव्यावरच्या पट्ट्यात बऱ्याच जमिनी खारवट झाल्यात, आणि अनेक विहिरी-बोअरचं पाणीही. त्यात ट्रॅक्टरवर खताचे, विशेषतः पोटॅशचे कण बसलेले असतात. पत्र्यावर क्षार राहिले तर ते रंगातून ओलावा आत ओढतात आणि काही महिन्यांनी फोड येतात. दोन-तीनशे रुपयांच्या टीडीएस मीटरने तपासलं तर आमच्या बोअरचा आकडा १,४०० च्या पुढे होता. म्हणून मी साबण आणि पहिली धुलाई बोअरच्या पाण्याने केली आणि शेवटी आरओचं २० लिटर पाणी कापडाने फिरवून पुसलं. सुकल्यावर लगेच टर्पेंटाइनने तेल-ग्रीस पुसून घेतलं. त्यानंतर पत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही.

प्रायमर

"रेड ऑक्साइड मारलं की गंज थांबतो" असं सगळेच म्हणतात. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड. तो पाण्याला आडवा येतो, पण स्वतः गंज रोखत नाही. झिंक फॉस्फेट ते काम करतं. म्हणून डब्यावर 'रेड ऑक्साइड झिंक फॉस्फेट' लिहिलेला प्रायमर मागा, फरक थोड्याच पैशांचा आहे. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका, सकाळी तांबूस दिसतोच. जेवढा भाग घासला तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर. दोन हात मारले, मध्ये एक रात्र. खड्ड्यांना पुट्टी (गॅरेजवाले तिला लांबी म्हणतात) भरली आणि ३२० च्या पेपरने घासून सपाट केली.

माझी चूक: दव

पहिला प्रयत्न दिवाळीच्या सुट्टीत केला. संध्याकाळी सहाला बॉनेटवर सुंदर लाल हात बसला. शेडमध्ये वास कोंडतोय म्हणून बॉनेट अंगणात ठेवलं. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाण्याची चारी. सकाळी बघतो तर अर्धं बॉनेट पांढुरकं, चमक गेलेली. दादा एवढंच म्हणाले, "रात्री गाडीची काच भिजते, हा काय वेगळा आहे का?"

हे टाळायला एक सोपं गणित आहे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा:

दवबिंदू ≈ तापमान − (१०० − आर्द्रता) ÷ ५

त्या संध्याकाळी तापमान २४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. म्हणजे दवबिंदू साधारण १७. रंग मारताना सगळं ठीक होतं. पण मोकळ्या आकाशाखाली पत्रा रात्री हवेपेक्षाही जास्त थंड होतो. पहाटे तो १७ च्या खाली गेला आणि ओल्या रंगावर दव बसलं.

रंगकामातला प्रचलित नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. मोबाईलच्या बऱ्याच हवामान ॲपमध्ये दवबिंदू थेट दिसतो. फक्त रंग मारायच्या वेळेचा बघू नका, रंग कोरडा होईपर्यंतचा बघा.

दुसरा प्रयत्न फेब्रुवारीत केला. सकाळी ११ ला सुरुवात, दुपारी २ ला काम बंद, आणि सगळे भाग छपराखाली. एप्रिल-मे मध्ये उलटा त्रास होतो: पत्रा तापतो, रंग वरून पटकन सुकतो, बुडबुडे राहतात आणि वावटळीची धूळ चिकटते.

कॉम्प्रेसर नाही, मग चमक कशी आणायची?

मी एक छोटा, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर मागून आणून बघितला होता. गनला सलग जेवढी हवा लागते तेवढी तो देऊ शकत नाही. अर्धं बॉनेट होईपर्यंत दाब पडतो आणि रंग थेंबाथेंबाने उडतो. त्यापेक्षा रोलर बरा.

रंगात ५ ते १० टक्के टर्पेंटाइन मिसळा. बारीक फोमच्या ४ इंची रोलरने एका वेळी दीड-दोन फूट भागावर पातळ रंग पसरा आणि लगेच मऊ ब्रश जवळजवळ आडवा धरून, दाब न देता एकाच दिशेने फिरवा. बुडबुडे फुटतात आणि रंग स्वतःच सपाट होतो. केलेल्या भागावर परत ब्रश नेऊ नका, तिथेच रेघा पडतात.

जाड एक हात मारायचा मोह टाळा. इनॅमल वरून ऑक्सिजन घेतो, त्यामुळे जाड थराला वर साय धरते आणि आत ओला राहतो. पातळ तीन हात, प्रत्येकामध्ये २४ तास आणि ४०० च्या वॉटर पेपरने हलकं घासणं, एवढं केलं की दोन हात लांबून ब्रशचं काम ओळखू येत नाही.

मूळ शेड हवी असेल तर टूलबॉक्सच्या मागे किंवा बॉनेटच्या आत ऊन न लागलेला रंग सापडतो. तो शेड कार्डशी जुळवा.

हे भाग रंगवू नका

चेसिस आणि इंजिन नंबर (त्यावर ग्राइंडर किंवा पुट्टी तर अजिबात नाही), ग्रीस निपल, रेडिएटरची जाळी, हायड्रॉलिकचा दांडा, ब्रिदर, रबरी पाइप. सायलेन्सरला साधा रंग जळतो, त्याला उष्णता सहन करणारा ॲल्युमिनियम पेंट वेगळा मिळतो. आरसीवर वाहनाच्या रंगाची नोंद असते. मूळ रंगच देणार असाल तर प्रश्न नाही, वेगळा रंग द्यायचा असेल तर आधी आरटीओत विचारा.

आणि एक धोका जो कोणी सांगत नाही: ऑइल पेंटने भिजलेली फडकी वाळताना गरम होतात. ढीग करून ठेवली तर आपोआप पेटू शकतात. ती पाण्याच्या बादलीत टाका. पाचटाजवळ तर चुकूनही फेकू नका.

खर्च किती आला?

प्रायमर २ लिटर: ४८०
लाल इनॅमल ३ लिटर: १,०२०
रिमसाठी सिल्व्हर १ लिटर: ३६०
टर्पेंटाइन २ लिटर: २८०
पुट्टी: २५०
पॉलिश पेपर, वॉटर पेपर: ४००
कप ब्रश २: ३००
रोलर, ब्रश, मास्किंग टेप: ५५०
कार्ट्रिजचा मास्क, गॉगल, हातमोजे: १,१००
धुण्याचा सोडा: १००
एकूण: ४,८४० रुपये

ग्राइंडर आणि चार्जर शेजारून आणले. टीडीएस मीटर घरी होतंच. पाय ठेवायच्या पत्र्याला वेल्डिंगवाल्याकडून तुकडा लावून घेतला, तो खर्च यात धरलेला नाही. दिवस लागले नऊ, त्यातले सहा नुसत्या साफसफाईत.

एका पावसाळ्यानंतर

बॉनेट आणि मडगार्ड जसेच्या तसे आहेत. गंज परत आला तो एकाच जागी: पाय ठेवायच्या पत्र्याच्या खालच्या जोडात. नवव्या दिवशी कंटाळून मी तिथे पॉलिश पेपर न फिरवता थेट प्रायमर लावला होता. दादांनी खाली वाकून तोच जोड आधी बघितला. मग आत जाऊन उरलेला डबा आणि ब्रश घेऊन आले आणि म्हणाले, "घासायला तू बस, रंग मी लावतो."