भरावाची मुंबई

मुंबईत घर बांधण्याआधी अनेकदा जमीनच बांधावी लागली. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे, आणि त्यांच्या मधोमध भरतीला बुडणारी, ओहोटीला चिखल होऊन उघडी पडणारी खारवट पाणथळ. उमरखाडी हे नाव त्या काळातले आहे. मुंबई बेटावर येणारे लोक जिथे पायांचा चिखल धूत, ती जागा पायधुणी झाली, असे सांगतात. आज दोन्ही ठिकाणी पाण्याचा मागमूस नाही.

या पाणथळीत समुद्र शिरे तो प्रामुख्याने वरळी आणि मुंबई यांच्यामधल्या मोठ्या खिंडारातून. बांध घालून ते बुजवण्याचे काम गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, पुरे झाले. बांधाचे 'व्हेलार्ड' हे नाव कुंपण किंवा तट या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आले. बांध पुन्हा पुन्हा ढासळे, तेव्हा रामजी शिवजी या प्रभू कारागिराच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि मगच बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची कथा आहे. दगड टाकावा आणि भरतीने तो न्यावा, हा अनुभव मात्र कथेपुरता नसावा.

बांधाने समुद्र अडला, पण आतली जमीन उंच झाली नाही. भायखळा, ताडदेव, महालक्ष्मी या भागातली मैदाने भरतीच्या पातळीखालीच राहिली. फरक एवढाच, की आता तिथे खाऱ्या पाण्याऐवजी पावसाचे पाणी साचू लागले, आणि तेही बांधामुळे बाहेर पडेना. वरळीजवळ लव्ह ग्रोव्हला दारे बसवून ओहोटीच्या वेळात ते सोडावे लागे. खोलगट जमीन भरायला माती हवी होती. ती आली टेकड्या फोडून, आणि पुष्कळदा शहराचा केरकचरा टाकूनही. कचऱ्याचा भराव स्वस्त पडतो. तो कुजतो, खचतो आणि वर बांधलेल्या घराला तडे देतो, हे नंतर कळते. कुदळ, फावडे आणि घमेल्यावर चाललेल्या अशा कामात महाराष्ट्रात वडारांचा वाटा मोठा. मातीवडार खणत, गाडीवडार गाड्यांतून दगड वाहत. तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांचे नाव तर कामाठीपुऱ्याला कायमचे चिकटले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदाई आणि भराव यांची जोडी जमली. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला आणि गोद्या खणल्या जाऊ लागल्या: प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये खुला झाला. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली मुळांसकट उभी असलेली खैराची झाडे सापडली. म्हणजे कधीकाळी तिथे कोरडे जंगल होते आणि जमीनच खाली गेली होती. अलेक्झांड्रा डॉकच्या खोदाईतून निघालेला माल शेजारी टाकून सुमारे २२ एकरांचे बॅलार्ड इस्टेट उभे राहिले. ही सर्वांत शहाणी पद्धत म्हणावी लागेल: खड्ड्याची माती लांब न्यावी लागत नाही आणि भरावासाठी टेकडी शोधावी लागत नाही.

बॅक बे या पश्चिम किनाऱ्यावरच्या उपसागराच्या बाबतीत हा शहाणपणा उपयोगी पडला नाही. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत तिथे भराव घालण्यासाठी कंपनी निघाली आणि १८६५ च्या मंदीत बुडाली. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० नंतर, योजना पुन्हा हाती घेतली गेली ती ११४५ एकरांची. समुद्राच्या तळाचा गाळ यंत्राने उपसून नळाने भिंतीच्या आत सोडायचा, असा बेत होता. पण बंदराचा गाळ बारीक, भिंत दगडांची आणि भेगाळ. आत टाकलेला गाळ भरतीओहोटीबरोबर बाहेर वाहून जाऊ लागला. खर्च फुगत गेला, काँग्रेसचे नेते खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर कडाडून टीका केली आणि योजना आखडती घ्यावी लागली. पुढे कांदिवलीच्या खाणीतला दगड व मुरूम रेल्वेने आणून कोरडा भराव घातला गेला. मुरूम थरांनी दाबता येतो, पाणी सोडतो आणि लवकर बसतो. ओल्या गाळाला बसायला वर्षे लागतात. मरीन ड्राइव्हची जमीन याच धड्यातून निघाली.

भराव किती घालायचा, याला मुंबईत स्वतःचे माप आहे. १८३३ मध्ये उघडलेल्या टाउन हॉलवरची खूण १०० फूट धरून शहराच्या पातळ्या मोजल्या जातात. त्या मापाने समुद्राची सरासरी पातळी सुमारे ८० फुटांवर येते. पालिकेच्या बांधकाम परवानगीतली एक जुनी अट सांगते की सखल भूखंड मुरूम, माती, दगड घालून ९२ फुटांपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा सहा इंच उंच, यांपैकी जे जास्त असेल तितका भरावा, सपाट करून रोलरने दाबावा आणि त्याला रस्त्याकडे उतार द्यावा. भूखंडाचे पाणी सुटते. पण ते ज्या रस्त्यावर आणि शेजारच्या जुन्या चाळीच्या अंगणात जाते, त्यांची पातळी कोणी उचललेली नसते.

किनाऱ्यावरचा नवा भराव उंच आणि मधले परळ-दादर सखल, अशी शहराची बशी झाली. इंग्रजांच्या काळातले पावसाळी नाले ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ओहोटी गृहीत धरून आखलेले होते. भरतीला त्यांची तोंडे समुद्राखाली जातात आणि पाणी उलटे फिरते. पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह अशा ठिकाणी पाणी समुद्रात फेकणारी उदंचन केंद्रे उभी राहिली. दादरच्या हिंदमाता परिसरातले पावसाचे पाणी भरती असेपर्यंत साठवण्यासाठी अलीकडे मैदानांखाली मोठ्या टाक्या खणल्या गेल्या. ओहोटी लागली की त्या रिकाम्या करतात.