ओल्या गोणीचा वास

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घडलेली गोष्ट. सूनबाई चार दिवस माहेरी गेली होती. तिनं मोठ्या हौसेनं आणलेल्या ज्यूटच्या गालिच्यावर नातवानं दूध सांडलं. म्हटलं, ती यायच्या आत धुऊन टाकू. आमची आई सतरंज्या धुवायची तसाच धुतला. रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवला, सकाळी धोपाटण्यानं बडवला आणि गच्चीत उन्हात टाकला.

संध्याकाळी पाहते तर कडा वळलेल्या, मधोमध चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. आणि वास? थेट लहानपणच्या वाण्याच्या दुकानातला, पावसात भिजलेल्या गोणीचा!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हा गालिचा म्हणजे आपलं तरटच की. गोणपाट, किंतान... घरात याची जागा न्हाणीघराच्या दाराशी, पाय पुसायला. दिवाणखान्यात ते कुणी अंथरेल असं आईला सांगितलं असतं तर ती हसली असती.

पस्तीस वर्षं मुलांना ताग शिकवला हो मी! (आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग वेगळा, हा बंगालचा.) स्कॉटलंडच्या डंडी गावात १८३०च्या दशकात तो यंत्रावर कातायला लागले. धागा फार राठ होता. पण डंडी हे देवमाशांच्या शिकारीचं बंदर. देवमाशाचं तेल आणि पाणी मारून त्यांनी ताग मऊ केला. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) रशियाचा जवसाच्या धाग्यासारखा माल येईनासा झाला आणि तागाचं नशीब फळफळलं. १८५५ साली हुगळीकाठी रिश्रा इथे आपल्याकडची पहिली तागाची गिरणी निघाली. पुढे कलकत्त्यानं डंडीला मागे टाकलं. १९४७ला तर कमालच झाली, गिरण्या राहिल्या इकडे आणि तागाची बरीचशी शेतं गेली पूर्व पाकिस्तानात. हा प्रश्न मी परीक्षेत किती वेळा घातला असेल! पण धुतल्यावर त्याचं काय होतं, हे कधी मनातही आलं नाही.

गंमत म्हणजे ताग पाण्यातूनच येतो. कापलेल्या काड्यांच्या जुड्या दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवतात, मग शेतकरी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांची साल सोलतात. तरी धागा झाल्यावर मात्र त्याला पाणी सोसत नाही. लाकडात असतं ते लिग्निन त्यात दहा टक्क्यांहून जास्त असतं. त्यामुळे तो उन्हात पिवळा पडतो. भिजला की कमजोर होतो आणि हळूहळू वाळताना आतला रंग वर येऊन डाग पडतात. कापूस भिजला की उलट जास्त मजबूत होतो. म्हणून आईच्या सतरंज्या धोपाटणं खाऊनही वीस-वीस वर्षं टिकल्या. तिची रीत चुकीची नव्हती, ती सुताची होती.

तुमच्याकडे असा गालिचा असेल तर काही सांडल्याबरोबर कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, चोळू नका. आठवड्यातून एकदा झटका आणि खालची धूळही काढा, कारण ती विणीतून गळून फरशीवर साठते. फरशी पुसल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय तो अंथरू नका. हवा दाखवायची तर सावलीत. आमच्याकडे आता जूनमध्येच तो गुंडाळून माळ्यावर जातो. हे सगळं मला सूनबाईनं शिकवलं, बरं का.

ती आली तेव्हा मी आधीच सगळं कबूल करून टाकलं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, विचारायचं तरी!" रागावली नाही, पण मला ते लागलं. नवा आणून देते म्हटलं तर नको म्हणाली. पहिल्या पगारातून घेतलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

तो गालिचा आता माझ्या खोलीत आहे. डागाची बाजू पलंगाखाली सरकवली आहे. पावसाळी हवेत अजून थोडा वास येतो.