निकालावरचें वेतन आणि शिक्षकांचा संघ

शिक्षकांनीं संघ स्थापून वेतनाची भाषा बोलावी काय, असा प्रश्न आमच्या सुशिक्षित मंडळींत निघाला म्हणजे बहुधा दोन ठराविक उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, गुरूनें दक्षिणेवरून भांडूं नये. विद्यादानाचा व्यवहार झाला कीं विद्या गेली. दुसरा म्हणतो, शिक्षकालाहि पोट आहे, आणि गिरणींतल्या कामगारानें जें करावें तें त्यानें केल्यास कांहीं बिघडत नाहीं. दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट मात्र निमूटपणें गृहीत धरलेली असते. ती ही कीं, शिक्षकाचें वेतन ही एक बाब आणि मुलाचें शिकणें ही दुसरी. इंग्लंडांतील प्राथमिक शिक्षकांच्या संघाचा इतिहास जो कोणी लक्ष देऊन वाचील, त्याला हें गृहीतच डळमळीत झालेलें दिसेल. त्या देशांत सरकारी नियमांनींच एकदां ह्या दोन बाबींची निरगांठ मारून ठेविली, आणि ती सोडविण्यांत शिक्षकांची एक संबंध पिढी खर्चीं पडली.

इंग्लंडांतील शाळांशीं सरकारचा पैशाचा संबंध १८३३ सालीं आला. त्या वर्षीं पार्लमेंटानें शाळागृहें बांधण्यासाठीं २०,००० पौंड मंजूर केले. शाळा मात्र धर्मसंस्थांच्याच राहिल्या. शिक्षकाच्या पेशाला खरा पाया घातला तो के-शटलवर्थ ह्यानें, १८४६ च्या नियमांनीं. तेरा वर्षांच्या हुशार मुलानें शाळेंतच पांच वर्षें उमेदवारी करावी. पुढें शिष्यवृत्ति मिळवून अध्यापकविद्यालयांत जावें. तेथून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडल्यावर त्याच्या वेतनांत सरकारनें आपल्या पदरची भर घालावी, आणि उतारवयांत निवृत्तिवेतनाचीहि आशा असावी, अशी ती योजना होती. मजुराच्या घरीं जन्मलेल्या मुलाला पुस्तकाच्या बळावर वर चढण्याची ही एक शिडीच झाली. गांवच्या पाद्र्याची मर्जी संभाळणें त्याला सुटलें नाहीं. पण आपला एक धनी लंडनांत आहे, हें भान त्याला आलें.

ही शिडी १८६२ सालीं काढून घेण्यांत आली. न्यूकॅसलचे ड्यूक ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें १८६१ त असा अभिप्राय दिला होता कीं, शिक्षक वरच्या वर्गांतील चार हुशार मुलांवर श्रम घेतात व लहानग्यांस वाचतांलिहितां येतें कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. ह्या तक्रारींत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु शिक्षणखात्याचे त्या वेळचे सूत्रधार रॉबर्ट लो ह्यांनीं तीवर जो उपाय योजिला तो हिशेबनिसाचा होता. मुलामागें जास्तींत जास्त बारा शिलिंग अनुदान ठरलें. त्यांतील चार शिलिंग हजेरीच्या सरासरीवर मिळावयाचे. उरलेले आठ, दोनशें हजेऱ्या भरलेल्या सहा वर्षांवरील प्रत्येक मुलाच्या परीक्षेवर. वाचन, लेखन आणि गणित ह्या तीन विषयांपैकीं एकांत तें मूल नापास झालें कीं दोन शिलिंग आठ पेन्स कापावयाचे. आठ शिलिंगांचे बरोबर तीन भाग! शिक्षकाच्या वेतनांतील सरकारची परभारें मिळणारी भर बंद झाली, निवृत्तिवेतनाची आशाहि मावळली. सगळा पैसा शाळेच्या चालकांच्या हातीं जाऊं लागला, आणि पुष्कळ चालकांनीं शिक्षकाचें वेतन सर्वस्वीं किंवा अंशतः ह्या अनुदानावरच लटकावून दिलें.

परिणाम काय झाला असेल, हें शाळेंत एक महिनाभर शिकविलेल्या कोणासहि सांगावयास नको. निरीक्षक येण्याचा दिवस हा शाळेच्या वर्षाचा सुगीचा दिवस झाला, आणि सुगींत शेतकरी ज्या नजरेनें आभाळाकडे पाहतो त्या नजरेनें शिक्षक गोवराच्या आणि खोकल्याच्या साथीकडे पाहूं लागला. आजारी मुलें त्या दिवशीं पांघरुणांत गुंडाळून शाळेंत आणलीं जात, कारण न आलेल्या मुलाचे आठ शिलिंग बुडत. वाचनाचें पुस्तक वर्षभर इतक्या वेळां घोळवून घेतलें जाई कीं मुलांस तें तोंडपाठ होई. पुस्तक उलटें धरूनहि मूल घडघड वाचतें, असें त्या काळीं उपहासानें सांगत. इतिहास आणि भूगोल ह्यांस पैसा नव्हता, म्हणून वेळहि नव्हता. जें मूल खात्रीनें पास होणार त्याजकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं, आणि जें खात्रीनें नापास होणार त्याजकडे पाहणें परवडेना. आयोगाची मूळ तक्रार दुबळ्या मुलांची हयगय होते अशी. औषधानें रोग्याच्या अंथरुणाची फक्त बाजू बदलली.

हें पहिल्यानें ज्यानें जगापुढें मांडलें तो कोणी शिक्षक नव्हता. तो शाळांचा निरीक्षकच होता. मॅथ्यू आर्नोल्ड हा कवि व टीकाकार म्हणून आमच्या महाविद्यालयांतून घोकविला जातो. पण त्याची हयातीचीं पसतीस वर्षें पोटासाठीं शाळा तपासण्यांत गेलीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस क्वचितच ठाऊक असतें. नव्या नियमांवर त्यानें १८६२ सालींच निनांवी लेख लिहून कडक टीका केली, तीहि ज्या खात्याचें तो मीठ खात होता त्याच खात्यावर. पुढें सरकारी अहवालांतूनहि त्यानें निर्भीडपणें लिहिलें कीं, कौशल्यानें तयारी करून घेतल्यास मुलांस खरोखर वाचतां, लिहितां किंवा गणितें करितां येत नसूनहि ह्या परीक्षेंत उतरवितां येतें.

तें वारें आमच्याकडेहि वाहत आलें. मुंबई इलाख्यांत अनुदानाला निकालाची अट १८६० नंतरच्या दशकांतच लागू झाली. १८८२ त हंटर आयोगापुढें निवेदन देतांना जोतीराव फुले ह्यांनीं तीविषयीं स्पष्ट सांगितलें कीं, दरिद्री व अज्ञ लोकांत शिक्षण पसरविण्यास ही पद्धति मुळींच योग्य नाहीं. अशा वस्तींत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढण्यास कोणताहि शिक्षक धजणार नाहीं, कारण तींत त्याचें पोटच भरणार नाहीं. आर्नोल्डनें बुद्धीच्या बाजूनें जें पाहिलें तेंच फुल्यांनीं भाकरीच्या बाजूनें पाहिलें. माझ्या मतें त्यांची दृष्टि अधिक खोल गेली. कारण शिक्षकाचें वेतन अनिश्चित केलें म्हणजे त्याचा पहिला भुर्दंड सर्वांत गरीब मुलाला बसतो, हें त्यांनीं दोन वाक्यांत सांगून टाकलें.

इंग्लंडांत ह्या पद्धतीशीं झगडण्यास शिक्षकांपाशीं आरंभीं साधनच नव्हतें. संघटना होत्या, पण पंथापंथाच्या. चर्चच्या शाळांतील शिक्षक एकीकडे, इतरांचे दुसरीकडे. १८७० त फॉर्स्टरचा शिक्षणविषयक कायदा पार्लमेंटापुढें असतांना लंडनच्या किंग्ज कॉलेजांत ह्या तुटक मंडळ्या एकत्र आल्या आणि प्राथमिक शिक्षकांचा राष्ट्रीय संघ जन्मास आला. पहिला अध्यक्ष जे. जे. ग्रेव्ह्ज हा नॉर्थॅम्प्टनशायरमधील लॅम्पोर्ट ह्या खेड्यांतील शाळामास्तर होता. ज्या देशांत दर्जाची उतरंड एवढी पक्की, तेथें शिक्षकांनीं एखाद्या लॉर्डाला किंवा बिशपाला गळ न घालतां खेड्यांतला मास्तर अध्यक्षस्थानीं बसविला, ही मला त्या संघाच्या चरित्रांतील फार मोठी गोष्ट वाटते. आमच्याकडील संमेलनांच्या अध्यक्षांची यादी डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे तिचें मोल कळेल.

संघानें वीस वर्षें ‘निकालावरचें वेतन’ हें आपलें मुख्य लक्ष्य केलें. १८७२ पासून त्याच्या हातीं ‘स्कूलमास्टर’ हें साप्ताहिक आलें. चिटणीस टी. ई. हेलर ह्याला १८८६ त नेमलेल्या क्रॉस आयोगावर सभासद म्हणून घेण्यांत आलें; ज्यांच्यावर आयोग बसतात त्यांच्यांतलाच एक आयोगावर बसला. १८९० च्या नियमांनीं ह्या पद्धतीचा कणा मोडला, व उरलेसुरले अवशेष पुढील कांहीं वर्षांत गेले. १८८९ त संघानें आपल्या नांवांतून ‘प्राथमिक’ हा शब्द गाळला होता. १८९५ त त्याचे दोन पुढारी पार्लमेंटांत निवडून गेले: यॉक्सल उदारमतवादी पक्षाकडून आणि ग्रे हुजूर पक्षाकडून. संघानें आपलीं अंडीं एका टोपलींत ठेविलीं नाहींत. १८९८ त निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, म्हणजे १८६२ त हिरावून घेतलेलें छत्तीस वर्षांनीं कांहीं अंशीं परत मिळालें.

परंतु मुख्य प्रश्न निराळाच होता. शिक्षकाचें काम पारखावें कोणीं? ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेला गृहस्थ निरीक्षक व्हावा, आणि ज्यानें वीस वर्षें वर्गांत घालविलीं तो होऊं नये, हा दंडक संघाला सलत होता. १९११ च्या मार्चमध्यें एक गुप्त सरकारी टिपण कॉमन्स सभेंत उघडकीस आलें. प्राथमिक शाळांचे मुख्य निरीक्षक एडमंड होम्स ह्यांचें तें होतें, आणि खात्याचे चिटणीस रॉबर्ट मोरंट ह्यांच्या संमतीनें तें फिरविलें गेलें होतें. स्थानिक संस्थांनीं नेमलेले, प्राथमिक शिक्षकांतून वर आलेले निरीक्षक हे सामान्यतः संस्कारहीन व अर्धशिक्षित असतात, असा त्याचा सूर होता. संघानें देशभर असा गहजब केला कीं त्याच वर्षीं मोरंट ह्यांस शिक्षणखातें सोडून दुसरीकडे जावें लागलें. गंमत अशी कीं, ह्याच होम्स ह्यांनीं त्याच वर्षीं एक ग्रंथ प्रसिद्ध करून निकालावरच्या वेतनाच्या पद्धतीनें इंग्रजी शाळांतील जीव कसा काढून घेतला, ह्याचें अतिशय प्रांजळ वर्णन केलें. जी पद्धति त्यांनीं स्वतः राबविली होती, तिच्या दाबाखाली वाढलेल्या शिक्षकांस त्यांनीं ‘यांत्रिक’ म्हणावें, आणि यंत्र कोणीं बसविलें हेंहि प्रामाणिकपणें सांगावें! मनुष्यस्वभावाचा असा नमुना विरळा.

दुसऱ्यांच्या अन्यायाविषयीं इतका जागरूक असलेला हा संघ घरांतील अन्यायाविषयीं मात्र बराच काळ झोपेंत होता. सभासदांत स्त्रिया बहुसंख्य होत्या, तरी पहिली स्त्री अध्यक्ष, इझाबेल क्लेगहॉर्न, व्हावयास १९११ साल उजाडावें लागलें. समान वेतनाचा आग्रह धरणाऱ्या स्त्रियांनीं १९०४ पासून संघाच्या आंतच आपलें मंडळ उभारलें. १९१९ त संघानें तें तत्त्व मान्य केलें, पण अर्ध्या मनानें. त्याच वर्षीं स्थापन झालेल्या बर्नहॅम समितीच्या वेतनश्रेणींत स्त्रियांस पुरुषांच्या सुमारें चारपंचमांश वेतन पडलें, आणि संघानें तें पत्करलें. १९२० त स्त्रियांचा एक गट बाहेर पडला. १९२२ त समान वेतनाला विरोध करणारा पुरुषांचा एक गटहि बाहेर पडला. दोहों बाजूंनीं गळती लागली ती ह्या एका प्रश्नावर. समान वेतन १९५५ त मान्य होऊन टप्प्याटप्प्यानें १९६१ त पुरें झालें.

ह्याच फुटीच्या काळांत लोवेस्टॉफ्टचें प्रकरण घडलें. १९२३ त त्या बंदराच्या नगरपालिकेनें ठरलेल्या श्रेणीखालीं वेतन उतरविलें. दीडशेंहून अधिक शिक्षकांनीं तें नाकारलें व त्यांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हां संघाच्या खर्चानें त्यांनीं गांवांतल्या सभागृहांतून स्वतःच वर्ग चालू केले, आणि शेंकडों आईबापांनीं सरकारी शाळा सोडून मुलें त्यांच्याकडे धाडलीं. सुमारें अकरा महिने हें चाललें. संपांत काम थांबतें अशी आपली समजूत असते. येथें काम थांबलें नाहीं, फक्त इमारत बदलली.

नोंदणीपुस्तकाच्या बाबतींत संघाला फारसें यश आलें नाहीं. वैद्यांप्रमाणें आपल्या पेशांत कोणीं यावें हें शिक्षकांनींच ठरवावें, ही त्यांची जुनी मागणी. १९०२ च्या नोंदणींत प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांचे दोन वेगळे रकाने केले, म्हणून संघ संतापला व ती चार वर्षांत बंद पडली. १९१२ ची परिषद १९४९ त संपली. २००० सालीं सुरू झालेली नवी परिषद २०१२ त सरकारनें मोडली.

१९८७ त बर्नहॅम समिति गेली. १९८८ च्या कायद्यानें राष्ट्रीय अभ्यासक्रम व ठराविक वयाच्या परीक्षा आल्या, आणि १९९२ पासून शाळांचे निकाल कोष्टकांत छापून येऊं लागले. १९९३ त शिक्षकसंघांनीं त्या परीक्षांवर बहिष्कार घातला. २०१३ पासून इंग्लंडांतील शाळांस शिक्षकाची वेतनवाढ त्याच्या कामगिरीशीं जोडणें सक्तीचें झालें. लो ह्यांचा आत्मा स्वर्गांत सुखावला असेल. १८७० चा तो संघ २०१७ च्या सप्टेंबरांत दुसऱ्या एका संघांत मिळून राष्ट्रीय शिक्षणसंघ ह्या नांवानें नांदूं लागला. वेतनवाढीची ती सक्ति २०२४ च्या सप्टेंबरांत उठली. मात्र एखाद्या शाळेला ती रीति चालू ठेवावीशी वाटल्यास नियमांनीं तिला मज्जाव केलेला नाहीं.