दुसरीचं ऐक, मग वाजव

आमच्या भजनी मंडळात टाळ आम्हा बायांकडे, पखवाज मात्र गड्यांकडेच. दूर युरोपातही पूर्वी असंच होतं. अठराव्या शतकात तिथं घरच्या बैठकीत चौघं जमून वाजवत: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. हायडननं अशा चौघांसाठी 68 रचना केल्या. पण व्हायोलिन, चेलो बाईला शोभत नाही, तिनं पियानोच वाजवावा, असं लोक म्हणत.

पुढं काळ बदलला. 1947 मध्ये अमेरिकेत लिओनार्ड स्ट्रॉस यांनी हौशी वादकांची संघटना उभी केली. तिचं चिटणीसपद वर्षानुवर्षं सांभाळलं ते व्हायोलिन वाजवणाऱ्या हेलन राइसबाईंनी. सभासदांच्या यादीत आपली पायरी ज्यानं त्यानं स्वतःच लिहायची. कच्च्या वादकालाही जागा होती.

आता अशा हौशींची शनिवार-रविवारची शिबिरं भरतात. जाणकार वादक शेजारी बसून सांगतो, आधी दुसरीचं ऐक, मग वाजव. समोर हात हलवून ताल दाखवणारा कुणी नसतो. एकमेकींकडे बघतच पुढं जायचं.

गटाचा हिशेब आपण असाच तर शिकलो. गेल्या महिन्यापासून आमच्यातल्या दोघी पखवाजावर बसतात. बोल अजून चुकतात. चुकू देत.