गांधी शताब्दीचा प्रूफ संच : काळवंडलेली चांदी आणि धुरकट आरसा

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त 1969 साली निघालेला मुंबई टाकसाळीचा प्रूफ संच आपल्याकडच्या कितीतरी घरांत आहे. त्यात चार नाणी : 20 पैसे, 50 पैसे, 1 रुपया आणि 10 रुपये. यातलं 10 रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं, 80 टक्के चांदीचं. इंदूरच्या आमच्या मंडळात हे संच दाखवायला लोक येतात, आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘काळं पडलंय, धुऊन आणू का?’

प्रूफ नाणं म्हणजे काय, हे आधी पाहू. घासून आरशासारखा केलेला साचा, तशीच चकाकती चकती, आणि जास्त दाबाने बहुधा एकाहून अधिक वेळा दिलेला ठोसा. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी होते आणि उठावाचं चित्र मंद, दुधी दिसू शकतं. या दोहोंतला विरोध जितका ठळक, तितकं नाणं वरचं. प्रतवारीची 1 ते 70 ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. आज प्रूफ नाण्यांनाही तीच लावतात.

आता काळेपणा आणि धुरकटपणा. लोक दोन्ही एकच समजतात, पण माझ्यातल्या इंजिनिअरला हा फरक महत्त्वाचा वाटतो. काळेपणा, म्हणजे टोनिंग, हा धातूतच झालेला बदल आहे. हवेतलं, पुठ्ठ्यातलं, कागदातलं गंधक चांदीशी संयोग पावतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर अतिशय पातळ असताना प्रकाशाच्या खेळामुळे आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा रंग दिसतो. जाड झाला की काळा. धुरकटपणा मात्र अनेकदा वरून बसलेला असतो : पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून सुटलेलं तेलकट द्रव्य, टाकसाळीतल्या धुण्याचे अवशेष, बोटांचा घाम.

प्रतवारीत दोन्हींचा परिणाम वेगळा होतो. एकसारखा, पारदर्शक रंग असेल आणि खालचा आरसा जिवंत असेल तर गुण सहसा कमी होत नाहीत. उलट नाणं देखणं ठरतं. डागाळलेला, गडद थर गुण खातो. धुरकटपणा थेट आरशावरच घाला घालतो, म्हणून ‘कॅमिओ’ हा शेरा हातचा जातो. घरी तपासायचं तर एका दिव्याखाली नाणं हलकेच कलतं करा आणि छापील कागद समोर धरा. नाण्यात अक्षरं स्वच्छ दिसली तर रंग असूनही आरसा शाबूत आहे.

टूथपेस्ट, रांगोळी, रिठा, सराफाचं द्रावण, यांतलं काहीही नको. घासल्याने आरशावर बारीक रेषा उठतात, आणि द्रावण सल्फाइडबरोबर वरची चांदीही नेतं. असं नाणं ओळखू आलं की प्रतवारी संस्था त्याला साधा आकडाही देत नाहीत, ‘साफ केलेलं’ म्हणून नोंदवतात. पीव्हीसीचं तेलकट द्रव्य तेवढं शुद्ध ॲसिटोनने निघतं. त्याने टोनिंग जात नाही. नखांचं पॉलिश काढायचं द्रव मात्र वापरू नये, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात.

पण माझा मुद्दा गुणांपलीकडचा आहे. या नाण्यांवर 1869-1948 एवढंच आहे, काढल्याचं वर्ष नाही. प्रूफ नाणं ओळखायला ‘B’ ही टाकसाळीची खूण पाहायची, मग आरसा, मग पेटी. पेटीतल्या कागद-पुठ्ठ्याने काठाला दिलेली रंगाची कड हाही एक पुरावाच असतो : हे नाणं याच पेटीत इतकी वर्षं होतं, याचा. एकटं 10 रुपयांचं नाणं चकचकीत करून आणलं की शेजारचं मुरलेलं 20 पैशांचं नाणं त्याला परकं वाटू लागतं. पुढे पाहणारा म्हणणार, हे बदललेलं दिसतंय. संच खरा असूनही त्याची साक्ष पुसली जाते, आणि गेलेला थर कोणालाही परत बसवता येत नाही.

म्हणून नाणं काठाला धरा, पीव्हीसी नसलेल्या डबीत ठेवा, जुनी पेटी फेकू नका, आणि कोणी कधी विकत घेतलं ते चिठ्ठीवर लिहून पेटीजवळ ठेवा. काळं पडलेलं नाणं आहे तसंच पुढच्या पिढीकडे जाऊ द्या.