करवत घेण्याआधी

“मला करवत घ्यायची आहे,” असं मी घरात म्हटलं तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंही नाही. जुन्या काळी याच वाक्यावर रडारड झाली असती. ‘करवत घेणे’ म्हणजे काशीला जाऊन मोक्षासाठी करवतीखाली देह ठेवणे. ‘काशीकरवत’ या नावाचं देऊळ वाराणसीत आजही दाखवतात. माझा बेत साधा होता. बेटेगावच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून चपलांसाठी एक मांडणी करायची. एमआयडीसीत यंत्रं ज्या पाइनच्या खोक्यांतून येतात, त्यांच्या चार फळ्या भंगारवाल्याकडून आणून ठेवल्या होत्या.

शब्द जुना आहे. संस्कृतात ‘करपत्र’, म्हणजे हातातलं पातं. प्राकृतात ‘प’चा ‘व’ झाला, ‘त्र’चा ‘त्त’ झाला, आणि मराठीत येईतो एक ‘त’ झडून ‘करवत’ उरली. अमरकोशात करपत्राच्या शेजारी ‘क्रकच’ आहे. मोठ्याने म्हणून पाहा, ओल्या लाकडात अडकलेली करवत ऐकू येते. सुश्रुताने वीस शस्त्रांत करपत्र धरलं ते हाड कापण्यासाठी. विदर्भातल्या विणकरांनी करवतीचे दात लुगड्याच्या काठावर आणले आणि ते लुगडं करवतकाठी झालं.

पण खरी कुळकथा दातांच्या तोंडात आहे. आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसायचा, फळी पायाने दाबून धरायचा आणि करवत स्वतःकडे ओढायचा. त्यामुळे दातांची तोंडं मुठीकडे. युरोपातला सुतार बाकाशी उभा राहून, फळी शिकंजात आवळून, करवत पुढे रेटतो. त्याचे दात पुढे. फरक किती, ते कागदाच्या पट्टीवर कळतं: ओढली की ताठ राहते, ढकलली की दुमडते. ओढायच्या करवतीचं पातं म्हणून पातळ चालतं. ढकलायच्या करवतीला जाड पातं लागतं, आणि बारीक सांधे कापायचे तर पाठीवर पितळेचा किंवा लोखंडाचा कणा बसवावा लागतो. ओंडका कापायच्या दोघांच्या करवतीत तर ढकलायचं कुणीच नाही. आधी एकाने ओढायचं, मग दुसऱ्याने. ‘करवत जाताना कापते, येतानाही कापते’ ही म्हण त्या करवतीची. घरातली करवत एकाच दिशेने कापते.

साहेबाचा बाक आणि शिकंजा आला, त्याच्यामागून पुढे दात असलेली करवतही आली. आज बोईसरच्या बाजारात दुकानाबाहेर टांगलेली दिसते ती हीच.

दात कुणीकडे, हा झाला पहिला प्रश्न. दुकानात विचारायचा दुसरा प्रश्न आपल्या क्रियापदांतच आहे. लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या लांबीने ‘चिरतात’ आणि त्या रेषांना आडवं ‘कापतात’. चिरायच्या करवतीचे दात मोठे, पटाशीसारखे सरळ. कापायच्या करवतीचे बारीक, चाकूसारखे तिरपे घासलेले. एकीने दुसरीचं काम होतं, पण फळीची कड कुरतडल्यासारखी दिसते. दोन्हींत दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्याहून रुंद पडतो आणि पातं अडकत नाही. हे वाकण गेलं की कितीही धार लावा, उपयोग शून्य.

विजेची घ्यावी का? गोल करवतीचं पेटंट इंग्लंडात सॅम्युअल मिलरने १७७७ साली घेतलं. पट्ट्याची करवत विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्ये नोंदवली, पण पट्टा सांध्याशी तुटायचा. १८४६ मध्ये फ्रान्सच्या आन पोलीन क्रेपँ यांनी टिकणारा सांधा काढला, तेव्हा कुठे ती वखारींत फिरू लागली. दोन्ही मूळच्या कारखान्याच्या लेकी. फ्लॅटमध्ये दुपारी दोन वाजता चालवून पाहावी आणि शेजार कसा असतो ते अनुभवावं. घरात जन्मलेली अशी एकच, जिगसॉ. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट काउफमान यांनी शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचं पातं लावून पाहिलं, असं सांगतात. वळणदार काम करायचं असेल तर तीच घ्यावी. सरळ कापात मात्र तिचं पातं भरकटतं.

मला सरळच कापायचं होतं. शेवटी जपानी पद्धतीची ओढायची करवत मागवली, नवलाईची म्हणून जास्त पैसे मोजून. फळी स्टुलावर ठेवून, वाकून कापत होतो; दर खेपेला स्टूल माझ्याकडे सरकत होतं. वरच्या मजल्यावर दार बसवायला आलेले मिस्त्री जिन्यात थांबले. करवत हातात घेऊन त्यांनी दातांवरून अंगठा फिरवला.

“उलटी आहे ही.” मग थोडं थांबून, “आमच्या आजोबांची अशीच होती.”

चप्पल काढून ते आत आले आणि गॅलरीत फरशीवर बसले.

“काका, आधी ते स्टूल उचला.”